खर्जाच्या आठ पायऱ्या

आधीच सांगून टाकतो, चूक माझी होती. कार्मोझिना, म्हणजे माझी बायको, म्हणते की चूक त्या म्हाताऱ्याच्या जिभेची. "गप्प बसला असता तर आज माएस्त्रो म्हणून मिरवला असता!" हे ती दिवसातून एकदा ऐकवतेच, मासे साफ करताना तर हमखास. मी वाद घालत नाही. पण गिटार दाखवली मी, तारा माझ्या, मग चूक दुसऱ्या कुणाची असणार?

नेपल्समध्ये पोर्ता काप्वाना वेशीच्या अलीकडे माझं दुकान. काताल्दो न्हावी म्हणून कुणालाही विचारा. दाढी, केस, दात उपटणं, जळवा लावणं, सगळं करतो. आणि भिंतीवर गिटार. आमच्या गावात न्हाव्याचा वस्तरा बोथट असला तर गिऱ्हाईक शिव्या देऊन का होईना बसतं, पण भिंतीवर गिटार नसली तर उंबऱ्यावरूनच मागं फिरतं. पाळी येईपर्यंत माणसानं काय माश्या मारायच्या? जो येतो तो गिटार काढतो, खणाखणा बडवतो आणि शेजारणीकडे बघून गातो. माझ्या गिटारीला तारांच्या पाच जोड्या, आणि शेवटच्या दोन जोड्यांत खर्जाच्या जाडजूड तारा. त्याशिवाय बाजाराच्या गोंगाटात ऐकू काय येणार, कपाळ?

डॉन अस्कानियो लामान्या माझे शनिवारचे गिऱ्हाईक. मोंतेफोस्कोच्या ड्यूकचं जे देऊळ आहे, तिथले दुसरे ऑर्गनवाले. बावीस वर्षं दुसरे! पहिला, म्हणजे माएस्त्रो, मेला की बाहेरून कुणीतरी नवा गडी यायचा आणि हे आपले पुन्हा दुसरे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा जागा रिकामी झाली तेव्हा ते बासष्टचे होते.

त्या जानेवारीत ते मंगळवारी आले. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. दुकानात तिघंजण होते. सगळ्यांदेखत हे म्हणाले, "काताल्दो, मला गिटार शिकव."

मी कुणाचा तरी कान कापणार होतो, थोडक्यात वाचला बिचारा. अहो, देवळात ऑर्गन वाजवणारा माणूस! ही मंडळी गिटारीला वाद्यच मानत नाहीत, न्हाव्याचा चाळा म्हणतात. याच डॉन अस्कानियोंनी मला कितीदा दटावलं होतं, "ते तुझं खडखडं खाली ठेव आणि दाढीकडे बघ."

"माएस्त्रो, ताप आहे का? रक्त काढू थोडं?"

"माएस्त्रो म्हणू नकोस, अजून झालो नाही." ते स्टुलावर बसले. "ड्यूकसाहेबांना गिटारीचं वेड लागलंय. रोमहून मास्तर आणलाय. त्यांच्या नामदिवसाला, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताच्या सणाला, सप्टेंबरात, त्यांना स्वतः वाजवायला कॉन्चेर्तो पाहिजे. पुढं एकटी गिटार, मागं व्हायोलिनांचा ताफा. मला सांगितलंय लिहायला. आवडला तर जागा माझी."

"आणि नाही आवडला तर?"

"तर मी बासष्टचा आहे, काताल्दो. पुढचा माणूस मरेपर्यंत मी कुठला राहतोय?"

असा आमचा अभ्यास सुरू झाला. त्यांना वाजवता काही आलं नाही शेवटपर्यंत. बोटं ऑर्गनची, तारेवर ठेवली की घसरायची. मग ते नुसतं विचारायचे, मी वाजवून दाखवायचो आणि ते लिहायचे. आमच्याकडे गिटारीला सूर लिहीत नाहीत, बोट लिहितात. कितवी जोडी, कितवा पडदा, बस्स. तिथं बोट ठेवा, सूर आपोआप येतो. आठ महिने चाललं हे. मी गालाला फेस लावतोय आणि हे फेसातून ओरडतायत, "तिसऱ्यावरून चौथ्यावर उडी मारता येते का रे?" गिऱ्हाइकं हसून हसून बेजार. कार्मोझिना म्हणायची, "दोघं म्हातारपणी लग्न लावून घ्या."

पण खरं सांगतो, मला अभिमान वाटायला लागला होता. भर दुकानात, साबणाच्या वासात एक अख्खा कॉन्चेर्तो तयार होत होता आणि त्यात माझी बोटं होती.

मधला संथ भाग लिहायला घेतला तेव्हा ते दोन शनिवार नुसतं लिहून खोडत होते. तिसऱ्या शनिवारी म्हणाले, "इथं व्हायोलिनं गप्प करतोय. सगळी. एकटी गिटार."

"का हो? छान रंगलं होतं की."

"तू बोट ठेव."

तिसऱ्या जोडीवर दुसरा पडदा. मग तीच जोडी मोकळी. मग चौथ्या जोडीवर तीन सूर, उतरते. मग पाचव्यावर तीन, आणि शेवटचा मोकळ्या तारेचा, खर्जातला. त्याच्याखाली गिटारीत काही उरतच नाही. सगळे मिळून आठ सूर, आणि प्रत्येक सुरानंतर थांबायचं.

"एवढं थांबू? लोकांना वाटेल वाजवणारा विसरला."

"खांद्यावर ओझं असलं की माणूस असाच उतरतो," ते म्हणाले.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी गिटार मांडीवर आडवी ठेवली. पोर्झिया! त्यांची एकुलती एक मुलगी. आई नसलेलं घर तिनंच चालवलं होतं. आदल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासात तिला ताप आला आणि चार दिवसांत गेली, एकोणिसाव्या वर्षी. मी होतो त्या प्रेतयात्रेला. ड्यूकच्या देवळाखाली तळघर आहे. मधे भिंत घालून एका बाजूला ड्यूकचं घराणं पुरतात, दुसऱ्या बाजूला देवळाची चाकरमाणसं. पायऱ्या मात्र दोन्हींकडे जायला त्याच. तोंडावर बुरखे घेतलेले प्रेतसंस्कार मंडळीचे लोक पेटी खाली नेतात आणि घरच्यांना वर दारात थांबवतात. तसा रिवाज आहे.

"मला काही दिसलं नाही रे," डॉन अस्कानियो म्हणाले. "खाली अंधार होता. नुसती पावलं ऐकली. आठ मोजली. आठव्यानंतर काहीच ऐकू आलं नाही."

मी पुन्हा वाजवलं. दुकानात तेव्हा एक गाढववाला बसला होता, अडाणी माणूस, तोसुद्धा टोपी काढून बसून राहिला.

आता पुढचं ऐका. बड्या माणसांची एक रीत असते. ड्यूक काही भाड्याच्या व्हायोलिनवाल्यांपुढं तालीम करत नाही. चुकला तर कुणी बघायचं? तो आपला दार लावून मास्तराबरोबर घोकणार आणि नामदिवसाला एकदम सगळ्यांपुढं बसणार. डॉन अस्कानियोंनी वादकांची तालीम घेतली ती गिटारीवाचून. गिटारीच्या जागी ते स्वतः गुणगुणायचे. म्हणजे तो कॉन्चेर्तो पुरा असा कुणीही ऐकलेला नव्हता. मी ऐकला होता अर्धा, दुकानात, आणि तोही माझ्याच गिटारीवर.

नामदिवसाच्या दुपारी मी त्यांचा केसांचा टोप विंचरून, पावडर मारून, त्यांच्याबरोबरच महालात गेलो. टोप घामानं सरकला तर सारखा करायला, असं निमित्त. दारापाशी नोकरांच्यात उभा राहिलो. शहरातली निम्मी सरदारमंडळी आली होती. ड्यूकसाहेब मधोमध खुर्चीवर, हातात काळ्या आबनुशी लाकडाची गिटार, कडेनं हस्तिदंताची नक्षी. शेजारी डचेसबाई काळ्या कपड्यांत. दोन वर्षांमागं त्यांचा लहानगा गेला, देवीच्या साथीत. तेव्हापासून रंगीत कापड अंगाला लावलं नव्हतं म्हणे. डॉन अस्कानियो हार्पसिकॉर्डच्या पट्ट्यांपुढं, वादकांना खूण करायला.

पहिला भाग काय झाला म्हणता! ड्यूकसाहेब खरंच बरं वाजवत होते. व्हायोलिनं अदबीनं मागं राहत होती. लोक माना डोलवत होते. मी शेजारच्या हुजऱ्याला कोपर मारलं, "ती जागा माझ्या दुकानात झाली, साबणाच्या वाटीपाशी." तो म्हणाला, "गप रे."

मग संथ भाग. व्हायोलिनं थांबली. ड्यूकसाहेबांनी तिसऱ्या जोडीवर बोट ठेवलं. पहिला सूर. थांबले. दुसरा सूर, एक पायरी खाली. थांबले. मी डोळे मिटले.

तिसरा सूर एकदम वर उडाला.

मी डोळे उघडले. काय झालं? तार तुटली? ड्यूकचं बोट तर बरोबर होतं, चौथ्या जोडीवर, जिथं लिहिलं होतं तिथंच. पण सूर वरचा, पातळ, किनरा. चौथा तसाच. पाचवा तसाच. आणि मग मला कळलं. देवा रे! बारीक तारा! बड्या घरांत गिटार बडवत नाहीत, एकेक तार नखानं छेडतात. त्यांना जाड तार नको असते. शेवटच्या दोन जोड्यासुद्धा बारीकच लावतात, त्या पूर्ण एक सप्तक वर बोलतात. हे मला ठाऊक होतं हो! एका सरदाराच्या सुनेच्या गिटारीला मी स्वतः तसल्या तारा चढवल्या होत्या. ठाऊक असून आठ महिन्यांत एकदाही सुचलं नाही, याचाच तर संताप येतो. बोटं लिहिली माझ्या गिटारीवर, वाजली त्यांच्या गिटारीवर.

दोन पायऱ्या खाली गेलेली ती सुरावट वर उगवली, नाचत नाचत उतरली आणि आठव्या सुराला बरोबर त्याच सुरावर येऊन थांबली जिथून निघाली होती. जणू कुणी तळघरात निघालं आणि परत दारात येऊन हसत उभं राहिलं.

"आहाहा!" कुणीतरी म्हणालं. बायकांनी पंखे मिटून टाळ्या वाजवल्या, मध्येच, भाग संपायच्या आत.

मी डॉन अस्कानियोंकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवर पडले होते. तोंड किंचित उघडं. प्रेत बघितलेला माणूस असं बसत नाही; प्रेत उठून बसलेलं बघितलं तर बसेल. पुढचा भाग वादकांनीच त्यांच्याशिवाय सुरू केला, मग त्यांनी कसेबसे हात उचलले. टोप एका बाजूला कलला होता. मी पुढं जायला पाहिजे होतं, पण गेलो नाही.

संपलं. काय टाळ्या! ड्यूकसाहेब उठले, आनंदानं लाल झालेले. सगळ्यांपुढं त्यांनी डॉन अस्कानियोंचा खांदा धरला.

"ती मधली जागा! काय सुचलं हो तुम्हाला! वाटतं आता बुडाली, गेली, आणि फिरून जिथून निघाली तिथं हजर! पंधरा दिवस मी तेवढंच वाजवत होतो. असलं या शहरात आजवर कुणी लिहिलं नाही." मग आवाज चढवून म्हणाले, "माएस्त्रो!"

सगळ्यांना कळलं. तो शब्द म्हणजे जागा मिळाली. बावीस वर्षांनी. आता फक्त वाकायचं, हाताचं चुंबन घ्यायचं, ‘आपली कृपा’ एवढं म्हणायचं. बोला, म्हाताऱ्या, मी मनात ओरडत होतो, बोला, गुडघा वाकवा, हातातोंडाशी घास आलाय!

डॉन अस्कानियो म्हणाले, "ती परत आली नाही, हुजूर."

"कोण?"

"मी तिला खाली नेलं होतं. आठही सूर खालीच जातात. शेवटचा सगळ्यात खाली. वर कुठंच येत नाहीत."

रोमचा तो मास्तर, गळ्यापासून मनगटापर्यंत लेसच लेस, फणकारला, "म्हणजे हुजूर चुकले, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही. हुजुरांनी बोट बरोबर ठेवलं. मीच दुसऱ्या गिटारीवर लिहिलं."

"कुणाच्या?" ड्यूकसाहेबांनी विचारलं. चेहऱ्यावरची लाली तीच होती, पण आता ती आनंदाची नव्हती.

डॉन अस्कानियो माझं नाव घेईनात. मरायचं ते एकटेच मरायला निघाले होते. मग मला राहवलं नाही. मी नोकरांच्यातून पुढं झालो. "माझ्या, सरकार. काताल्दो न्हाव्याच्या. माझ्या गिटारीला खर्जाच्या तारा आहेत."

जो काही हशा पिकला! "न्हाव्याच्या गिटारीवरचा कॉन्चेर्तो!" एक काउंट तर खुर्चीवरून पडायचा राहिला. ड्यूकसाहेबांचा जबडा आवळला. माझी पाठ त्या क्षणी चाबूक मोजायला लागली होती.

"थांबा." आवाज डचेसबाईंचा. हशा कापल्यासारखा बंद झाला. "खाली जाताना कसं वाजतं, ते मला ऐकायचंय."

महालात तसली गिटार कुठली? पण खाली स्वयंपाकघर होतं. नेपल्समधल्या स्वयंपाकघरात गिटार नाही असं कधी झालंय? नुन्झियो आचाऱ्याची आणली. कांद्याचा वास, तेलाचे डाग, एका खुंटीला दोरा गुंडाळलेला, पण शेवटच्या दोन जोड्यांना खर्जाच्या तारा. ड्यूकच्या दिवाणखान्यात, सरदारांच्या पुढं, मी उभ्यानं एक पाय स्टुलावर टेकून ती सुराला लावली. डॉन अस्कानियो माझ्याजवळ येऊन उभे राहिले. प्रत्येक सुरानंतर किती थांबायचं ते त्यांनी बोटानं दाखवलं.

पहिला. दुसरा. तिसरा आता खाली गेला आणि कुणाचा तरी पंखा थांबला. चौथा. पाचवा. सहाव्याला लाकूड माझ्या छातीला लागून घुमायला लागलं. सातवा. मग आठवा, मोकळ्या तारेचा खर्ज. तो कितीतरी वेळ राहिला. आचाऱ्याची गिटार असून राहिला.

टाळी एकही नाही. डचेसबाई उभ्या होत्या. कधी उठल्या कळलं नाही. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले होते, प्रत्येक सुराला.

"आठच आहेत," त्या म्हणाल्या. "मीही वर दारात उभी होते."

आणि त्या बाहेर गेल्या. ड्यूकसाहेब त्या गेल्या त्या दाराकडे बघत राहिले. चेहरा पांढराफटक. मग डॉन अस्कानियोंकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. असंच असतं ते." थोडं थांबून पुढं म्हणाले, "हे माझ्या घरात पुन्हा वाजता कामा नये. तुम्हीही दिसू नका."

रस्त्यात मी गप्प बसलो नाही, बसणार कसा? "जागा गेली ना! एक शब्द गिळला असता तर काय बिघडत होतं? त्यांना आवडलं होतं, वर गेलेलं आवडलं होतं! लोक म्हणत होते असलं कुणी लिहिलं नाही!"

"नाहीच लिहिलं कुणी," डॉन अस्कानियो म्हणाले. टोप काढून काखेत धरला होता. "मला क्षणभर काय वाटलं माहितेय, काताल्दो? तो आठवा सूर दारात आला ना, तेव्हा मी खरंच मागं वळून पाहिलं. पोर्झियाला बघायला." त्यांनी टोप दुसऱ्या काखेत घेतला. "त्याचं बक्षीस घेऊन रोज त्या तळघराच्या वर, तिच्या डोक्यावर बसून ऑर्गन वाजवू? नाही जमायचं रे मला."

शिवी आली तोंडात, ती गिळली.

महिन्याभरात पलेर्मोहून नवा माएस्त्रो आला. डॉन अस्कानियोंची दुसरी जागाही गेली. आता ते पोरींच्या मठात शिकवायला जातात, आणि शनिवारी माझ्याकडे येतात. ड्यूकच्या मास्तरानं तो कॉन्चेर्तो आपल्या वहीत उतरवून घेतला होता म्हणे, कारण रोमहून आलेले लोक सांगतात, तिकडे तो फार चालतो. वर जाणारा. डॉन अस्कानियोंना मी हे सांगितलं नाही.

परवाच्या शनिवारची गोष्ट. डॉन अस्कानियो खुर्चीत, एक गाल झाला होता, एका गालावर फेस. दारात डचेसबाईंचा म्हातारा नोकर उभा राहिला. नामदिवसाच्या दुपारी मला ‘गप रे’ म्हणाला होता तोच हा हुजऱ्या. हातात मखमली पेटी. आत ड्यूकसाहेबांची आबनुशी गिटार, कडेनं हस्तिदंत.

"बाईसाहेबांनी पाठवलीय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "शेवटच्या दोन जोड्यांना तुझ्यासारख्या तारा चढव म्हणाल्या. हुजूर आता हिला हात लावत नाहीत, पण त्यांच्या कानावर जाता कामा नये."

कार्मोझिना आतून मासे सोडून दारात आली आणि ओल्या हातांनीच पेटीत डोकावली. मी वस्तरा वाटीत ठेवला. आरशात डॉन अस्कानियो त्या पेटीकडे बघत होते. फेसावरून पाणी ओघळत होतं, ते कुठलं ते मी विचारलं नाही.

"दाढी राहू दे," ते म्हणाले. "आधी तारा चढव. तुझ्याकडे असतील त्यातल्या चांगल्या काढ."

मी आत जाऊन तारा काढल्या आणि चढवायला बसलो. त्यांच्या गालावरचा फेस तसाच वाळला.